एकशेवीस तास

कॉलेजनं फॉर्म दिलाय. पाठपोट छापलेला.
प्रशिक्षणार्थीचं नाव: मगदूम प्रणोती रायगोंडा.
आस्थापना: भूपाल आप्पा चौगुले, हळदीचे अडत दुकान,
मार्केट यार्ड, सांगली.
एकूण तास: एकशेवीस. श्रेयांक: चार.
खाली एक चौकट, माझ्या तळहाताएवढी.
प्रशिक्षणात काय शिकलात? पाच ओळींत लिहा.

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यापासून
मी या दुकानात आहे.
सकाळी सातला कॉलेज, साडेदहाला सायकल,
अकराला सौदा.
परीक्षेची सुट्टी मिळते. बिनपगारी.

तर पहिली ओळ.
हळकुंड मोडायचं आणि ऐकायचं.
वाळलेलं असेल तर खणकन वाजतं, पितळेसारखं.
ओलं असेल तर तोंड मिटून मोडतं.
आता ओलावा मोजायचं यंत्र आलंय.
मी बटण दाबेपर्यंत तात्या हमाल
तुकडा कानाशी मोडून म्हणतात, ‘बारा असंल बघ.’
यंत्र म्हणतं, अकरा पूर्णांक आठ.
यातलं कुठलं शिकले म्हणून लिहू?

आरवाडे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
विक्री वजा खर्च बरोबर निव्वळ रक्कम.
मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.
पण कवठ्याच्या बाईंना पट्टी वाचून दाखवताना
कुठं थांबायचं, ते मला त्यांनीच शिकवलं.
तोलाई म्हटलं की त्या काट्याकडे बघतात.
हमाली म्हटलं की तात्यांकडे.
निव्वळ म्हटलं की
कुणाकडेच बघत नाहीत.
तिथं थांबायचं.

जोखमीच्या धड्याला चार गुणांचा प्रश्न असतो.
व्याख्या, प्रकार, उपाय.
मी हरिपूरला एकदा पेव उघडताना गेले होते,
पोत्यांचा आकडा लिहायला.
वरची माती काढली, झाकण सरकवलं
आणि सगळे लांब जाऊन बसले.
एक विडी, दुसरी विडी, चहा.
कुणालाच घाई नव्हती, मला होती,
दोन वाजता ट्यूटोरियल होतं.
मग सिदगोंडा मामांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला.
अर्ध्यावर ज्योत बारीक झाली. विझली.
‘अजून न्हाई,’ मामा म्हणाले, आणि परत बसले.
ट्यूटोरियल बुडलं.
परीक्षेत व्याख्या पाठ होती तशीच लिहिली.
चारात अडीच पडले.

त्याच पेपरला सुपरवायझर बाईंनी बोटं बघून विचारलं,
‘काय गं, हळद लागली वाटतं?’
म्हटलं, रोजच लागते.

फॉर्मसोबत मालकांचं प्रमाणपत्र जोडायचंय.
मालक म्हणाले, ‘मला काय कळतंय त्यातलं,
तूच टाइप कर.’
दुकानाची सगळी पत्रं मीच करते, हेही केलं.
सदर विद्यार्थिनीने आमच्याकडे समाधानकारक काम केले.
समाधानकारक खोडून उत्तम केलं.
परत समाधानकारक केलं.
त्यांनी न वाचता सही ठोकली
आणि विचारलं, ‘किती तास म्हणतीस?’
एकशेवीस.
ते हसले. हजेरीची वही त्यांच्याच गल्ल्यात असते.

ती वही काल मी बेरजेला घेतली.
गेल्या शनिवारपर्यंत चार हजार सहाशे बारा.
वजा एकशेवीस.
उरले चार हजार चारशे ब्याण्णव.
ज्या रकमेचं घर सापडत नाही
ती उचंत खात्याला टाकायची, असं सर सांगतात.
दुकानात दिवाणजी पण तेच सांगतात,
फक्त वर म्हणतात, ‘आणि झोपायच्या आधी आठवायची.’

चौकटीत मी लिहिलं:
मालाची प्रतवारी.
हिशेबपट्टी तयार करणे.
साठवणुकीची माहिती.
ग्राहकांशी संवाद.
पाचवी ओळ मोकळी राहिली.
तिथं अंगठ्याचा पिवळा डाग पडलाय.
रबरानं घासला.
हळदच ती, पसरली.