दोन कोअर, चार जीबी

वरच्या बंकवरून मान खाली काढून
तू विचारलंस, तांडेलभाऊ, कुठला सर्व्हर घेऊ?
तेव्हा मी मोजे भिजवत होतो.
आता सांगतो, मुनाफ. दिवा गेलाय,
आणि रोलाच्या या रस्त्याला झोप यायला अजून वेळ आहे.

आधी माझा लॅपटॉपच होता, या खिडकीत.
तेरा महिने त्यावर रोबो चालला,
सोनं घ्यायचा, सोनं विकायचा,
मी तिकडे गोडाऊनमध्ये कंप्रेसर मोजत असायचो.
एसीचं पाणी टपकायचं,
म्हणून वर बिर्याणीच्या डब्याचं झाकण.
एका दुपारी टेकबहादूरने प्लग काढला,
स्वतःचा मोबाईल लावला.
त्याची काय चूक? बोर्डाला भोकं दोन,
आणि पोखऱ्याला त्याची मुलगी तापाने फणफणलेली.
माझा सौदा मात्र उघडा राहिला
कडी न लावलेल्या दारासारखा.

मग सर्व्हर घेतला. सगळ्यात स्वस्त.
एक कोअर, एक जीबी.
त्यात विंडोजच मावेना, रोबो कुठे मावणार?
चार्ट उघडला की बाण असा सरकायचा
जसा दमेकरी जिना चढतो.
महिन्याचा पहिला शुक्रवार, साडेचारची वेळ,
अमेरिकेत नोकऱ्यांचा आकडा फुटला.
रोबो म्हणाला, विक.
ते 'विक' पोचलं अकरा सेकंदांनी.
अकरा सेकंद म्हणजे चौदाशे दिरहम,
म्हणजे या बंकचं दोन महिन्यांचं भाडं.

दुधाने पोळलो, ताक फुंकायला लागलो.
आठ कोअर, सोळा जीबी!
अख्खा व्हिला, आणि राहणारा एक रोबो.
रात्री टास्क मॅनेजर उघडून बसायचो:
हिरवी रेघ तळाला पसरलेली,
चार टक्के, पाच टक्के,
जशी उन्हाळ्यातली खाडी.
जे काही कमावलं ते त्या रिकाम्या खोल्यांनी खाल्लं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला पाठ.
पण इथे अंथरूण भाड्याने मिळतं, बाबा,
म्हणून आधी पाय मोज.
चार्ट किती लावतोस? तीन? मग तीनच ठेव.
दहा वर्षांचे भाव उरावर घेऊन बसू नकोस,
जुन्या भावांची परीक्षा लॅपटॉपवर घे, सर्व्हरवर नको.
एक आठवडा नुसता बघ, गर्दीच्या वेळी रेघ कुठवर चढते.
माझी दोन कोअर, चार जीबीत साठच्या आत राहते. तुझी वेगळी असेल.

आणि विचार, कोअर राखीव आहे का?
एका मशीनचे वीस तुकडे करून विकतात ते,
या खोलीत आपण सहाजण आहोत ना, तसंच.
शेजारी घोरला तर तुझीही झोप मोडते.

गाव कुठलं? दलालाचं, आपलं नाही.
तो लंडनला बसतो, सर्व्हर लंडनला ठेव.
इथून हुकूम जायला सव्वाशे मिलिसेकंद,
तिथल्या तिथे दोन.
हर्णैला फोन लावतो तेव्हा मी विचारतो, जेवलीस का,
आणि ते पोचेपर्यंत
ती दुसरंच काही बोलत असते.
तिथे काही भाड्याने मिळत नाही.

लहानापासून सुरू कर.
लहानाचा मोठा एका क्लिकवर होतो.
मोठ्याचा लहान करायला गेलास
की ते लिहितात, आतलं सगळं पुसलं जाईल.

अजून एक. हे तुला विकणारा सांगणार नाही.
सर्व्हर बरोबर निवडलास
तरी रोबो शहाणा होत नाही.
फक्त तोटा वेळेवर होतो.
मला गेल्या महिन्यात झाला, अगदी दोन मिलिसेकंदांत.

बरं, सकाळी इस्त्री लावशील
तेव्हा उजवा प्लग काढू नकोस.
टेकबहादूरचा आहे.