दुसरा कॅमेरा

आचाओच्या लाकडी चर्चमध्ये
नवरी यायला अजून चाळीस मिनिटं.
रोसामेल म्हणाला, मी पुढून, तू मागून.
माझ्या फ्रेममध्ये दिसलास तर पैसे कापीन.

मागून म्हणजे:
नवरदेवाच्या कोटाला राहून गेलेली किमतीची चिठ्ठी,
बाकाखाली बुटांतून सुटलेल्या मावशीच्या टाचा,
बोटांवर फुंकर घालणारा अकॉर्डियनवाला,
आणि नवरीचा भाऊ, सॅमनच्या जाळ्यांवरून थेट आलेला.
शर्ट नवा, हातांचा वास जुना.

अंगठीच्या वेळी रोसामेलने मान वळवली.
नुसती मान.
वीस वर्षं ओळखतो मी ती मान.
त्याच्या उजव्या हातात लेन्स थरथरत होती,
भरती लागल्यावर होडीचा दोर थरथरतो तशी.

मी सरकलो त्याच्या जागी.
कुणाला कळलंसुद्धा नाही;
दोन काळे शर्ट, एक पुढे झाला, एक मागे.
अंगठी पेरापाशी अडली.
यास्नाने बोट जिभेने ओलं केलं, हसली.
मी बटण दाबलं.

रात्री कुरांतोतले शिंपले सोलताना तो म्हणाला,
पुढच्या शनिवारी केइलेनला आहे एक. येशील?
दुसरा म्हणून? मी विचारलं.
त्याने डाव्या हाताने ग्लास उचलला.
दुसराच, म्हणाला. जरा थांबून म्हणाला.

फेरीबोटीत त्याचं कार्ड चाळलं.
अंगठीनंतरच्या सगळ्या फोटोंत मीच:
वाकलेला, हललेला, अर्धा कापलेला,
एकात तर नुसता कान.

पैसे मात्र
त्याने पूर्ण दिले.