कायकू, कामून, याके

उदगीरला मोंढ्यामागं मुनीरभाईंचं
बॅटऱ्या भरून द्यायचं दुकान.
शनिवारी साडेसातला लाइट जाते, ठरल्यासारखी,
आणि सबंध गल्लीत त्यांच्याकडंच उजेड उरतो,
तो पण उसना,
गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांतला.

त्या उजेडात आम्ही पाचसहा जण
ॲसिडच्या वासात बसतो.
ज्यानं त्यानं आपलं एक काहीतरी ऐकवायचं.
नियम भिंतीवर खडूनं लिहिलाय:
वा वा म्हणायचं नाही,
कामून ते सांगायचं.
मुनीरभाई म्हणतात, कायकू?
सोमनाथप्पा म्हणतात, याके?
मी तिन्ही भाषांत अडखळते.

विश्वांभर मापाडी.
तुरीचं माप घेताना पहिल्या मापाला एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, तीन.
तो विलंबित ख्याल आणतो, पाऊण तासाचा,
आणि गाणाऱ्याकडं लक्षच देत नाही.
कान सगळा तबल्याकडं.
"आधी हमाली करायचो ना.
सम आली की पाठीवरलं पोतं टेकल्यागत होतंय.
तेवढ्यासाठी बाकीचं वाहायचं."

गंगासागर सिस्टर रात्रपाळीच्या आधी येते,
डबा मांडीवर घेऊन.
कानडी वचनं लावते. एक अक्षर कळत नाही तिला.
सोमनाथप्पांची ती घरचीच भाषा,
ते हौसेनं अर्थ सांगायला लागले
तर तिनं दोन्ही कान झाकले.
"रात्रभर सगळ्यांचं समजूनच घेते की, अप्पा.
हे एक राहू द्या."
अप्पा रुसले. पुढचे दोन शनिवार आले नाहीत.

नासेर, मुनीरभाईंचा भाचा, नीटचं दुसरं वर्ष,
असलं काही लावतो की
बॅटऱ्यांची झाकणं थरथरतात.
कायकू?
खांदे उडवतो. "इसमें कोई सवाल नै पूछता."

मुनीरभाईंची एकच कॅसेट, कव्वालीची,
कुठल्याशा उरसात भरलेली, घरघर जास्त.
गाणं संपत आलं की ते बोट वर करतात.
"अब सुनो. पीछे का एक आदमी.
उसकी ताली हर बार लेट."
आम्ही ऐकतो. खरंच,
सगळ्या टाळ्यांनंतर एक टाळी, एकटी.
"चालीस साल से देख रहा हूँ,
किसी ने उसको उठाया नै."

माझं म्हणाल तर मी मारवा आणते.
पाच महिने सांगत आले, यात पंचम नाही म्हणून,
संध्याकाळचा राग आहे म्हणून,
कॅसेटच्या वेष्टणावर वाचलेलं.
शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते मी,
बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची सवय आहे.

परवा मात्र मुनीरभाईंनी विचारलं, कायकू,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली,
टायपिस्टच्या टपरीतला रेडिओ.
घटस्फोटाच्या कागदावर माझं नाव त्यानं चुकवलं,
पांढरा रंग लावला, वाळायला ठेवला.
तेवढ्या वेळात हा कोणीतरी गात होता.
घराभोवती फिरत होता सारखा,
दाराशी यायचा,
कडीला हात लावायचा नाही.
मी म्हणत होते, आता लावील,
आता लावील.
रंग वाळला. टायपिस्टानं रेडिओ बंद केला.
पुढं काय झालं ते मला
बाजारातून कॅसेट आणून बघावं लागलं.

कोणी वा म्हणालं नाही.
नियमच होता तसा, तरी मला
नियमापेक्षा जास्त वेळ गेल्यासारखा वाटला.
नासेर चार्जरच्या काट्याकडं बघत राहिला.
गंगासागरनं डबा एका मांडीवरून
दुसऱ्या मांडीवर घेतला.

मग विश्वांभर, हळूच,
जसं पहिलं माप
काट्यावरून उतरवताना म्हणतात तसं:

लाभ.

आणि लाइट आली. समोरच्या पिठाच्या गिरणीनं
एकदम गळा काढला,
आम्हाला काहीच ऐकू येईना.