ळ

माझ्या फोनमधल्या बाईला ळ येत नाही.
तिच्या तोंडी मी वैजयंती पिंगले,
राहणार दांडेकर पुलाजवल.
डोळ्यांना ती डोले म्हणते.
डोलू देत, म्हणते मी,
तेवढंच त्यांना काम.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी म्हणाली,
जिवंत असाल तर डोले मिचकवा.
मिचकावले.
चेहरा चौकटीत आणा.
चौकट कुठाय, ते काही सांगेना.
शेवटी शेजारच्या आठवीतल्या पोरानं
हनुवटी धरून मला चौकटीत बसवलं
आणि सव्वाअकराला मी जिवंत झाले.

मंगळवारी आम्ही जमतो
समाजमंदिरातल्या कॅरमच्या खोलीत.
नझीम बागवानला ऐकू येत नाही, मला दिसत नाही,
आणि धड फोन तिघांत एक,
मिथिलाचा, काच तडकलेला, दिवसाला दीड जीबी.
तो टाइप करतो, बाई मला वाचून दाखवते.
मी बोलते, बाई त्याला लिहून दाखवते.
परवा विचारलं, गोंद वाळला का?
बऱ्याच वेळानं बाई बोलली:
कोण गोविंद? कधी वारला?
नझीम हसला की टेबल हलतं.
त्या दुपारी कॅरमच्या सोंगट्या खाली पडल्या.

चित्र आमचंच. सहा बाय चारचं प्लायवूड,
सुतळी, बटणं, रिक्षाच्या सीटचं रेक्झिन,
माझी वेणी खऱ्या केसांची,
मिथिलाच्या वहिनीच्या पार्लरमधून आणलेली.
आजवर आमचे फोटो दुसऱ्यांनीच काढले.
ब्लँकेटवाटप. तीन डिसेंबर.
कुणातरी साहेबांच्या हाताखाली आमचे हात.
दुसऱ्या दिवशी मिथिला पेपरातून वाचायची,
‘चेहऱ्यावर हसू फुलले’.
कुणाच्या, ते नाव नसायचं.

म्हणून वर्णनही आपणच लिहायचं ठरलं,
नाहीतर बाई नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढे जाणार.
चित्राला तीन मंगळवार लागले, वर्णनाला पाच होत आले.
नझीमनं लिहिलं: व्हीलचेअरला खिळलेली मिथिला ओव्हाळ.
मिथिला म्हणाली, खिळा दाखव.
त्यानं खोडलं.
मी म्हटलं, बसलेली लिही.
तर म्हणे, बसलेली कोण? मी निघालेय.
मग माझी पाळी. काळा चष्मा घातलेली?
अरे, मी कुठे चष्मा घालते?
लोकच घालतात मला, चित्रात.

तेवढ्यात रिचार्ज संपला.
बाई वाक्याच्या मध्येच गेली.
खोलीत पंखा, आणि आम्ही.
नझीमनं माझ्या तळव्यावर बोटानं काहीतरी काढलं,
एक वळण, त्याला लागून दुसरं.
पुन्हा काढलं. ळ.
मी मान हलवली. माझा ळ तसा नाही,
माझा म्हणजे तीन ठिपके, एकाखाली एक.
त्याचा तळवा ओढून तीनदा टोचलं.
मिथिला वाकून बघत होती. म्हणाली, थांबा थांबा,
ही तर माझी चाकं.

चाकांवरच तर अडलं होतं सगळं.
आता तिथे स्कूटरची जुनी ट्यूब आहे, दोन वळणांची,
आणि शेजारी, हात लावून बघा, तीन खिळे.
सापडले एकदाचे.

बाई अजूनही तिथे येऊन ल म्हणते आणि पुढे सरकते.
मी नाही सरकत. बोट तिथेच ठेवते.

नझीमचं तोंड मात्र राहिलंय.
बटण लावायचं की चेन, यावर भांडण आहे.
तो म्हणतो, चेन. उघडी.