चाळीस ग्रॅम

उद्यमबागेतली पाळी सुटली की
हातावरची काळी वाळू धुऊन
मी संध्याकाळच्या कॉलेजात, मागच्या बाकावर.
वय छत्तीस. विषय बीजगणित, भाग पहिला.

हुक्केरी मॅडम फळ्यावर एक्स काढतात.
आमच्या मराठी शाळेत हा क्ष होता,
दहावीनंतर सुटला तो
खानापूरच्या स्टँडवर छत्री राहावी तसा.

"तिळीतेन?" मॅडम विचारतात.
शेजारची शिवलीला हळूच,
"समीकरणला मराठीत काय म्हणतेत गं?"
समीकरणच.
ती हसते. कन्नडातही तेच.

मग फळ्यावर तराजू येतो. दोन पारडी, अगदी सरळ.
आणि हात वर जातो, मी ठरवायच्या आधी:
मॅडम, आमच्या फाउंड्रीतला काटा
रिकामा असला तरी चाळीस ग्रॅम दाखवतो.
नऊ वर्षं प्रत्येक कास्टिंगमागं
ते चाळीस मी मनात वजा करत आलेय.

मॅडम खडू खाली ठेवतात.
"उरतं ते काय?"
खरं वजन.
"अदे एक्स," त्या म्हणतात.

साडेआठच्या बसमध्ये गुडघ्यावर वही.
तिसऱ्या गणिताचं उत्तर उणे सात आलंय.
उणे सात वजनाची वस्तू
काट्यावर ठेवायची कशी,
उद्या विचारायला पाहिजे.