डावी आणि खालची रेघ

डाव्या रेघेला टेकली ती पेशी सोडायची.
खालच्या रेघेला टेकली तीही.
वरची नि उजवी आपली.
मॅडमनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा
मी का म्हणून विचारलं नाही.
साखर पेठेत नायना चादरीवर पितळी भिंग ठेवून
इंचातले धागे मोजायचे.
या कडेचा धागा धरायचे, त्या कडेचा नाही.
नाहीतर तोच शेजारच्या इंचातही येतो, म्हणायचे,
आणि चादर नुसती कागदावर जाड होते.

नमुना अकरा.
नाव नाही, पेठ नाही, बाई की बुवा तेही नाही.
हिप्पोकॅम्पसचे चाळीस मायक्रॉनचे काप,
पहिला चिठ्ठी टाकून, मग दर दहावा.
क्रेसिल व्हायोलेटने पेशी वांगी झाल्यात.
हाच रंग नायनांच्या नखांतून
दिवाळी आली तरी निघायचा नाही.
वाळल्यावर काप आकसतो, चाळीसचा सतरा होतो,
तेही हिशोबात धरायचं.
नायना चार बोटं जास्त विणायचे,
पहिल्या धुण्याची म्हणून.

बाहेर एप्रिल, त्रेचाळीस. कूलर कोरडा.
मी चाक हळू फिरवते.
पेशी वर येते, स्पष्ट होते, बुडते.
एक डाव्या रेघेवर निम्मी आत, निम्मी बाहेर,
केंद्रक कसं गोल, ठसठशीत.
तिला सोडलं.
जेवताना दोनदा आठवली.

चारशे बारा पेशी.
गुणिले दहा, गुणिले चारशे, गुणिले एक पूर्णांक सात.
अठ्ठावीस लाख एक हजार सहाशे.
शेवटचे आकडे खोडा, मॅडम म्हणाल्या,
एवढी खात्री कोणालाच नसते.
अठ्ठावीस लाख, आणि पुढे चूक किती ते लिहा.
चूक लिहायला वेगळा रकाना आहे.
मला तो फार आवडतो.

रात्री अम्मा विड्या बांधत होती.
एन्नि? तिनं विचारलं.
सांगितलं. ती हसली. तिचा हिशोब रोज हजाराचा,
चेकरच्या छाटीसाठी वर पन्नास.
पंचवीसची जुडी ती मोजत नाही,
मुठीला कळते.
मी एक जुडी सोडून मोजली. चोवीस.
अम्मा मान वर न करता म्हणाली,
पुढच्या जुडीत सव्वीस असतील.

पुढची सोडली. पंचवीस.

त्याच्या पुढची बघ, म्हणाली,
आणि पानावर तंबाखू पसरत राहिली.