दुभाषी

बाई आल्या पौषात, मिरजेच्या गाडीनं.
वळिवड्याच्या फलाटावर सतरंजी आधीच अंथरलेली.
लंडनमधे बसलेलं एक सरकार, ज्याला पायाखाली देश उरला नव्हता,
त्यातल्या कुणा मंत्र्याच्या या पत्नी.
नवरा तिकडं नकाशांवर वाद घालायचा
आणि या मुलूखमुलूख हिंडून आभार मानायच्या.
आभार मानणं हेही लढाईतलंच काम,
असं दिवाणसाहेब म्हणाले, आणि मला कोट शिवून दिला.

मी दरबारचा कारकून, वय बावीस,
कॉलेजातलं इंग्रजी अजून कोरं करकरीत.
बाईंचं पोलिश एक लेफ्टनंट इंग्रजीत आणायचा,
त्याचं इंग्रजी मी मराठीत.
दोन ओंजळींतून आलेलं पाणी
तिसरीत कितीसं राहणार?
टाळ्या मात्र पुरेपूर पडत होत्या.

छावणीतल्या पोरांनी गाणं म्हटलं,
सैबेरियाच्या बर्फातून वाचून आलेली पोरं,
तोंडाला उसाच्या रसाचा चिकटा.
आम्ही बाईंना गुळाची ढेप दिली, कापशी चपलांचा जोड दिला.
त्यांनी तिथंच बूट काढले;
मोज्यातला अंगठा काही आत जाईना.
सगळे हसले, त्याही हसल्या.
मोज्याला टाचेपाशी रफू होतं.
ते मी पाहिलं. फोटोवाल्यानं नाही.

परतताना दुधाच्या रांगेपाशी
तानाक्का चौगुले आडवी आली,
म्हैस तशीच सोडून, हात धारेनं ओले.
"माझा मालक ह्यांच्याच अंगाला लढतुया, इटलीत.
चार म्हैनं कागूद न्हाई.
जित्ता हाय का न्हाई, तेवढं इचार."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.
दिवाणसाहेबांनी घड्याळ काढलं.
मी म्हणालो, इंग्रजीत, स्वच्छ उच्चारांत:
ही बाई म्हणते, करवीर आपलं स्वागत करतं.

लेफ्टनंटानं ते पुढं नेलं.
बाई त्याच्याकडं बघतच नव्हत्या.
तानाक्काचा ओला हात धरून
दोनच शब्द बोलल्या, हळू, मान हलवत.
न्ये व्येम.
लेफ्टनंट जरा अडखळला.
मग म्हणाला, मॅडम आभारी आहेत.
मी तेच मराठीत सांगितलं.
तानाक्का म्हणाली, "एवढंच?"

ज्येष्ठात तिला तार आली.
मीच वाचून दाखवली.
आठ शब्दांची, इंग्रजी.
त्यातला एकही गाळता येईना.

छावणी उठायच्या आदल्या आठवड्यात
पाववाल्या म्हाताऱ्या पोलला मी ते दोन शब्द विचारले.
पाच वर्षांत तो आमच्यासारखं बोलायला शिकला होता.
म्हणाला, "ठावं न्हाई."
मी पुन्हा विचारलं. "ठावं न्हाई."
तिसऱ्यांदा विचारलं तसा तो चिडला,
पिठाचे हात परातीवर आपटत म्हणाला,
"आरं, त्याचा अर्थच त्यो हाय! ठावं न्हाई!"

म्हणजे प्रश्न पोचला होता,
आम्हा दोघांना वळसा घालून.

दूध मी अजून तानाक्काकडूनच घेतो.
रोज घरून ठरवून निघतो, आज सांगायचं,
की तुला उत्तर दिलं होतं त्यांनी.
ती माप हातात घेऊन बघते. "किती?"
मी म्हणतो, अच्छेर.